गाळलेलं उत्तर

व्हिडिओतल्या मॅडमनी प्रश्न विचारला, आणि प्रश्नाचं शेवटचं अक्षर तोंडातून बाहेर पडतंय न पडतंय तोच त्या स्वतःच आनंदानं ओरडल्या, "शाब्बास! अगदी बरोबर! सगळ्यांनी ऐकलं ना?"

स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून स्वतःचाच तो व्हिडिओ बघणाऱ्या मॅडमनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला आणि व्हिडिओ मागं नेला. प्रश्न. शाब्बास. पुन्हा मागं. प्रश्न. शाब्बास. काय ऐकलं सगळ्यांनी? बाई प्रश्न विचारतात आणि स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घेतात, असं दिसत होतं. मधे एक क्षणभर पडदा थरथरल्यासारखा झाला. खिडकीजवळच्या बाकावर एक डोकं अर्धवट वर आलं होतं, ते लगेच खाली गेलं. कुणीतरी उठून लगेच बसावं तसं. बस्स, तेवढंच. ज्या मुलीनं वर्ष सुरू झाल्यापासून वर्गात आपणहून एक शब्द काढला नव्हता, ती परवा उभी राहिली होती, बोलली होती, शेवटपर्यंत बोलली होती, आणि त्यातलं या व्हिडिओत एक अक्षर नव्हतं. मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरच्या टेबलावर इतिहासाच्या बाई पेपर तपासत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "झाला का हो तुमचा सिनेमा?" मॅडमनी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर ते इतिहासाच्या बाईंना सहन झालं नसतं.

हे सगळं मुख्याध्यापिकांनी गळ्यात घातलेलं लचांड. या सत्रात शाळेला वर्गासाठी एखादं ऑनलाइन साधन घ्यायचंय, कुणीतरी वेगवेगळी वापरून बघा, असं सभेत ठरलं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत असताना मुख्याध्यापिका गोड हसून म्हणाल्या, "विज्ञानाच्या मॅडम बघतील. तुमच्याइतकं चोखंदळ कोण आहे?" चोखंदळ म्हणजे कटकटी, हे न कळण्याइतक्या मॅडम दुधखुळ्या नव्हत्या. तरी त्यांनी काम अंगावर घेतलं, आणि घेतलं म्हटल्यावर नीट केलं. एक साधन प्रश्नमंजुषेचं होतं. बरोबर उत्तराला फुगे, चुकीच्या उत्तराला भोंगा. आठवड्याभरात मुलं भोंग्यासाठी मुद्दाम चुकायला लागली. दुसऱ्यात सगळ्यांनी नाव न देता फळ्यावर मतं लिहायची. तिथं मॅडमच्या केसांच्या रंगाबद्दल इतकी मतं आली की मूळ विषय राहूनच गेला. तिसरं हे. वर्गात कॅमेरा लावा, तास घ्या, बाकीचं आम्ही बघतो. पूर्ण तासाचा आटोपशीर व्हिडिओ करून ते पालकांना पाठवणार होतं. त्यात एक चौकोन होता: 'शांतता आणि अडखळणं काढून टाका.' आणि त्या चौकोनात मॅडमनी स्वतःच्या हातानं खूण केली होती.

का केली होती? तर 'हं'साठी. प्रत्येक वाक्याआधी मॅडम 'हं' म्हणत. 'हं, वही काढा. हं, कुठं होतो आपण?' पोरं त्यांना हं-मॅडम म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं. जिन्याखालून जाताना वरून कुणीतरी बारीक आवाजात 'हं' काढायचं आणि पळायचं. त्यात राग येण्यासारखं काही नाही, असं त्या गेली कित्येक वर्षं स्वतःला सांगत आल्या होत्या. तो चौकोन दिसला तेव्हा कळलं की राग होता, चांगला मुरलेला होता. खूण केली. तास घेतला. दुसऱ्या दिवशी पडद्यावर आलं, तुमचा व्हिडिओ तयार आहे. पहिला थोडा भाग त्यांनी पाहिला. एकही 'हं' नाही. आवाज कसा स्वच्छ, वाक्यामागून वाक्य कसं सरळ. ही बाई आपण आहोत यावर त्यांचा विश्वास बसेना. एखाद्या नवऱ्या मुलीनं आरशात बघावं तसं त्यांनी स्वतःला बघून घेतलं, आणि पुढचं न बघताच 'मान्य' दाबलं, मग 'पाठवा' दाबलं. काल संध्याकाळी व्हिडिओ सगळ्या पालकांच्या फोनवर जाऊन पोचला. हौस! या वयात हौस!

परवाचा तो तास त्यांना आत्ता, या कळकट स्टाफरूममध्ये, पंख्याच्या आवाजासकट आठवत होता. बाष्पीभवन शिकवायचं होतं. शिपाई नुकताच फरशी पुसून गेला होता, ओल्या फरशीवर खिडकीचा चौकोन चमकत होता. मॅडमनी विचारलं, "पाणी उकळलं की त्याची वाफ होते. मग ही फरशी काही आपण चुलीवर ठेवलेली नाही. तरी ती वाळते. का?" आणि थांबल्या. ही त्यांची रीत होती. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. पहिले हात वर येतात ते हुशार मुलांचे, त्यांच्याकडे बघायचंच नाही. मग चुळबुळ होते, कुणी खोकतं, कुणी पेन पाडतं, तरी थांबायचं. शिक्षक शांततेला घाबरतो आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मॅडम घाबरत नसत. नोकरीत त्यांना दुसरं काही जमलं असेल नसेल, थांबणं जमलं होतं. परवा त्या थांबल्या, आणि खिडकीजवळची मुलगी उठली. तिचा पहिला शब्द निघायलाच केवढा वेळ लागला. ओठ मिटलेले, मान ताठ, मुठी बाकावर. शब्द निघाला, पुढचा अडला. मागच्या बाकावरून हसण्याचा एक तुकडा आला आणि मॅडमच्या डोळ्यांनी तो जागीच मारला. "स-सगळं पाणी एकदम जात नाही," मुलगी म्हणाली. मग असंच एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं: पाण्याचे जे कण जास्त पळतात ते आधी निसटतात. जे हळू असतात ते मागं राहतात. म्हणून मागं राहिलेलं पाणी गार लागतं. गार लागतं! हे तर मॅडमनी विचारलंसुद्धा नव्हतं. ते पुढच्या वर्षाचं होतं. पुस्तकात या इयत्तेला ते नव्हतंच. पोरगी ओल्या फरशीवर पाय ठेवून स्वतःच तिथपर्यंत पोचली होती. मॅडम आनंदानं ओरडल्या होत्या ते त्यावर.

आणि साधनानं काय केलं? तिच्या शब्दांमधल्या जागा शांतता म्हणून काढल्या, तिची अक्षरं अडखळणं म्हणून काढली, आणि उरलेला चोथा बहुधा अनावश्यक आवाज म्हणून फेकून दिला. मॅडमचं 'शाब्बास' तेवढं ठेवलं. ते स्पष्ट होतं ना.

मॅडमना दादा आठवला. आठवायला नको होता, पण आठवला. त्यांचा मोठा भाऊ असाच अडायचा, आणि घरात त्याला पुढचा शब्द द्यायला सगळे टपलेले असायचे. त्यानं तोंड उघडलं की आई एक शब्द द्यायची, बाबा दुसरा, आणि दादा त्यातल्या त्यात जवळच्या शब्दाला मान हलवून मोकळा व्हायचा. त्याला पाणी हवं असायचं आणि हातात चहा यायचा. तो चहा प्यायचा. त्यांच्या घराजवळच्या बसथांब्याचं नाव ज्या अक्षरानं सुरू व्हायचं, ते अक्षर दादाला कधी साधलं नाही. कंडक्टर समोर आला की तो पुढच्या थांब्याचं तिकीट काढायचा, तिथं उतरायचा आणि मागं चालत यायचा. उन्हात, थंडीत, हातात सामान असलं तरी. घरात सगळे म्हणायचे, दादाला चालण्याची भारी हौस. बाबा पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. खरं काय ते मॅडमना दादानं पुष्कळ वर्षांनी, आणि तेही फोनवर लिहून, कळवलं. आता तो दुसऱ्या शहरात असतो आणि बोलण्याऐवजी लिहितो. असले टोमणे, असल्या कोट्या, की वाचताना हसू आवरत नाही. म्हणजे या यंत्रांचे त्याच्यावर उपकारच. हे आठवलं तेव्हा मॅडमचा राग जरा अडखळला, आणि त्याचाही त्यांना राग आला. धड संतापूही देत नाहीत.

त्या उठल्या आणि कॉम्प्युटरच्या खोलीत गेल्या. तिथले सर तरुण होते, मदतीला तत्पर होते, आणि कुठल्याही दुखण्यावर 'अपडेट करा' एवढं एकच औषध सांगत, म्हणून पोरं त्यांना अपडेट सर म्हणत.

"मूळ रेकॉर्डिंग हवंय," मॅडम म्हणाल्या. "परवाच्या तासाचं. न कापलेलं."

"ते कुठलं राहतंय मॅडम आता? केवढी जागा खातं ते. तुम्ही मान्य म्हटलंत की कच्चं आपोआप जातं."

"जातं म्हणजे? कुठं जातं?"

"कुठं म्हणजे... जातं." त्यांनी हवेत बोटं उडवली. "पण काय बिघडलं? तास इतका मस्त झालाय! एकदम टाइट. मुख्याध्यापिका म्हणत होत्या, पालकसभेत हाच दाखवू."

"त्यात एका मुलीनं उत्तर दिलं होतं. ते गेलंय."

सरांनी पडद्यावर काहीतरी उघडलं, वर सरकवलं, खाली सरकवलं. "ही काय नोंद आहे ना. शांतता, अडखळणं, अनावश्यक आवाज काढले. महत्त्वाचं काही काढत नाही ते."

"तुम्ही होता वर्गात?"

"नाही, पण..."

"ते होतं?"

सर पडद्याकडून वळले. मग खुर्ची जरा जवळ ओढून, आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. त्या मुलीच्याच दृष्टीनं बघा. सगळ्या पालकांनी तिला तसं बघितलं असतं. पोरांनी तेवढाच तुकडा कापून फिरवला असता. झालं ते एका अर्थी बरंच झालं."

"तसं म्हणजे कसं?"

सरांनी खुर्ची पुन्हा मागं ओढली. मॅडमना त्यांच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि ती इतकी जोरात का वाटली हेही त्यांना माहीत होतं. स्टाफरूममधून इथवर येताना, जिन्याच्या वळणावर, हाच विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता. बरंच झालं. शब्दसुद्धा तेच. कुणाला न विचारता सगळ्यांचं भलं चिंतणारी ही जी सभ्य, गुळगुळीत जात आहे, तिच्यात आपणही आहोत, असं त्यांना वाटलं आणि त्या तिथून ताडकन निघाल्या. "पालकसभेत हा व्हिडिओ दाखवलात तर मी उभी राहून सांगेन की खोटा आहे," असं दारातून म्हणाल्या. सर म्हणाले, "खोटा कसा मॅडम? तुम्हीच बोलताय ना त्यात?"

शेवटचा तास त्यांचाच होता, त्याच वर्गावर. आत पाऊल टाकल्याबरोबर मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, तुमचं हं कुठं गेलं?" आणि सगळा वर्ग खदखदून हसला. पोरांनी व्हिडिओ बघितला होता. चांगला बारकाईनं बघितला होता. 'हं' नाही हे साऱ्यांना कळलं होतं. तोंडदेखलं हसता हसता मॅडम एकेक चेहरा बघत गेल्या. आणखी काय नाही, ते कुणीतरी बोलेल म्हणून थांबल्या. नेहमी थांबतात तशा. कुणी बोललं नाही. जी बोलली असती ती खिडकीजवळ दप्तर उभं करून त्याच्या आड बसली होती. मॅडमनी त्या दिवशी काय शिकवलं, त्यांचं त्यांनाच ठाऊक नाही. फळ्यावर खडू दोनदा मोडला.

घंटा झाली, वर्ग ओसंडून बाहेर गेला, आणि मुलगी मागं राहिली. टेबलापाशी आली. मॅडमनी वह्यांचा गठ्ठा बाजूला सारला आणि हात मांडीवर ठेवले. मुलीनं बोलायला सुरुवात केली. तिचं बोलणं ऐकायला वेळ लागला, तो मॅडमनी लागू दिला. ऐकता ऐकता त्यांच्या हातांची बोटं एकमेकांत रुतत गेली. परवा घरी गेल्या गेल्या तिनं आईला सांगितलं होतं, मी आज उत्तर दिलं. आईनं लगेच मावशीला फोन केला होता. काल व्हिडिओ आल्यावर सगळे तो बघायला बसले. संपल्यावर आईनं पुन्हा लावला. मग फोन ठेवून दिला आणि म्हणाली, खोटं कशाला बोललीस?

"आणि तू काय म्हणालीस?"

मुलीनं खांदे उडवले. काय म्हणणार? ते म्हणायलाही बोलावंच लागलं असतं.

"आई घ्यायला येते ना तुला? चल."

फाटकाशी नेहमीची गर्दी होती. गाड्यांचे हॉर्न, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, पहारेकऱ्याची शिट्टी. मुलीची आई एका दवाखान्यात स्वागतकक्षात कामाला होती, तिथल्याच निळ्या गणवेशात आली होती. दिवसभर रांगेतल्या माणसांचं बोलणं अर्ध्यात ओळखून पुढची चिठ्ठी फाडणारी बाई. मॅडमना बघून ती स्वतःच पुढं आली.

"बरं झालं भेटलात. मी येणारच होते मॅडम. तुम्ही काय सांगणार ते माहितीय मला. तिनं काल काही खाल्लं नाही, हो ना, तेच सांगत असेल. पण मॅडम, खोटं बोललेलं मला नाही खपत. बोलता येत नाही तर नाही येत, मी कधी काही म्हटलंय का तिला?"

"ती खोटं बोललेली नाही," मॅडम म्हणाल्या. "हं... तिनं उत्तर दिलं. आमच्या साधनानं ते कापलं."

"कापलं?"

"शब्दांमधला वेळ ते काढून टाकतं. त्यात तिचं सगळंच..."

"एवढ्या वर्गात नेमकं एकाच मुलीचं काढलं होय?" आई हसली. हसण्यात कडवटपणा नव्हता, नुसता थकवा होता. "मॅडम, तुम्ही चांगल्या आहात. तिला वाईट वाटू नये म्हणून म्हणताय, कळतं मला. पण सगळ्यांनी बघितलंय ना डोळ्यांनी. माझ्या बहिणीला मीच पाठवला तो. म्हटलं बघ, आपली पोर वर्गात बोलतेय. तिनं विचारलं, यात कुठंय गं ती? काय सांगू मी तिला?"

मॅडमना वाटलं, आपण आत्ता इथं उभ्या आहोत, आपण तिथंही होतो, आपल्या या कानांनी ऐकलंय, आणि तरी त्या व्हिडिओतली ती गुळगुळीत बाई आपल्यापेक्षा खरी ठरतेय. तिला 'हं' म्हणावं लागत नाही. तिच्यावर सगळ्यांचा विश्वास. तिला कुठं धरणार? कुणाची गचांडी पकडणार? सर म्हणतात साधनानं केलं, साधन म्हणतं तुम्ही खूण केलीत. दिवसभर सांभाळलेला राग आता त्यांच्या छातीत नुसता धडका देत होता, आणि त्याला जायला वाट नव्हती. त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला.

"तूच सांग आईला. परवा काय सांगितलंस ते. फरशी का वाळते?"

मुलीनं मॅडमकडे बघितलं, आईकडे बघितलं. ओठ मिटले. मान ताठ झाली. शब्द आत कुठंतरी अडला होता, गळ्याची शीर दिसत होती. मागून एका गाडीनं हॉर्न वाजवला.

"पाणी?" आई म्हणाली. "पाणी उडून जातं? वाफ होते? हो ना, वाफ होते? उन्हानं?"

आणि मुलीची मान हलायला लागली. खाली, वर. होकाराची. ती मान मॅडम ओळखत होत्या. अजून थोडी हलली की संपलं, मग पोरगी जन्मभर मिळेल त्या शब्दाला मान हलवत बसणार.

"गप्प बसा!" मॅडम ओरडल्या. "तोंड बंद ठेवा जरा! तिला तोंड आहे ना? तुम्ही कशाला बोलता मधे? पोटच्या पोरीचं एक वाक्य पुरं होईपर्यंत थांबवत नाही तुम्हाला? कसल्या आई हो तुम्ही? यंत्राला काय नावं ठेवायची, ते तुमच्याकडूनच शिकलंय!"

फाटकाजवळचे सगळे थबकले. पहारेकऱ्याची शिट्टी ओठात राहिली. आपला आवाज एवढा मोठा आहे हे मॅडमना पहिल्यांदाच कळत होतं. आईचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. निळ्या गणवेशाच्या बाहीचं बटण ती बोटानं फिरवत राहिली. भर रस्त्यात, इतक्या लोकांसमोर, दिवसभराचं काम करून आलेली बाई.  मॅडमनाही पुढं बोलता येईना. गर्दीच्या मधोमध एक रिकामी जागा तयार झाली होती, आणि ती भरायला कुणीच धजत नव्हतं.

मग मुलीनं मॅडमचा हात खांद्यावरून काढला. आईच्या पुढ्यात जाऊन, मॅडमकडे तोंड करून उभी राहिली. मुठी मिटल्या. पहिलं अक्षर कितीतरी वेळ आलंच नाही. आलं ते तीनदा आलं, पुन्हा अडलं. आईचे ओठ हलले नाहीत. मॅडमचेही नाहीत. हॉर्न वाजवणाऱ्यानंही हात काढून घेतला होता.

"म-म-माझ्या," मुलगी म्हणाली. थांबली. श्वास घेतला. "माझ्या आईवर... ओ-ओरडायचं नाही."